हेड गॅस्केट दोनदा गेलं, मग हवेच्या वाटेचं काम केलं: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

इंजिन जुनं आहे, चार सिलिंडर, अडीच लिटर, इनडायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो डिझेल. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. याचं हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पातळ सील, अकरा महिन्यांत दोनदा गेलं. पहिल्यांदा गेलं तेव्हा गाडी गॅरेजला दिली, गॅस्केट बदलून मिळालं, बिल दिलं आणि मी पुढचा विचारच केला नाही. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मात्र हेड उतरवताना शेजारी उभा राहिलो आणि तिथे जे दिसलं त्यावरून पुढची सगळी कामं ठरली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केटची जी अरुंद पट्टी असते तिच्यावर काजळीची एक काळी रेघ गेलेली होती, करंगळीच्या नखाएवढी रुंद. गॅस तिथूनच पलीकडे जात होता. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातलं तर ०.०५ मिलिमीटरचं पान आरामात गेलं, ०.१० चं पण गेलं, ०.१५ अडकलं. अशा हेडचा वाक साधारण ०.०५ च्या आत असायला हवा, म्हणजे मागच्या वेळी हेड तपासलंच नव्हतं, फक्त नवीन गॅस्केट ठेवून वाकडं हेड परत आवळलं होतं आणि बोल्टही जुनेच. त्याच दिवशी इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांकडे नेणारा पाइप) पण खोललं. ज्या भोकातून अंगठा सहज जायला हवा तिथे करंगळी जेमतेम गेली, बाकी सगळी ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी वाट) काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) आलेलं ऑइल मिळून झालेला चिकट काळा थर.

याचा गॅस्केटशी काय संबंध असं मला पण आधी वाटलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिझेलमधे हवा कमी पडली की पंप डिझेल तेवढं कमी करत नाही, जुन्या मेकॅनिकल पंपाला हवेचा अंदाज बूस्टवरून, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबावरून, थोडाफार येतो तेवढाच. मग जास्त डिझेल, कमी हवा, काळा धूर आणि एक्झॉस्ट तापतो. पेट्रोलवाल्यांची सवय इथे उलटी पडते, डिझेलमधे मिश्रण रिच झालं की तापमान वाढतं. ती उष्णता हेडमधे शिरते, सगळ्यात आधी दोन व्हॉल्व्हच्या मधल्या बारीक भागात आणि प्रीचेंबरच्या (हेडमधली छोटी पोकळी, जिथे डिझेल आधी पेटतं) आजूबाजूला. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, पण बोल्टांनी ते धरून ठेवलेलं असतं, मग ते जागच्या जागी दबतं आणि थंड झाल्यावर आवळलेपणा पहिल्यासारखा राहत नाही. असं शंभर वेळा झालं की गॅस्केट कितीही चांगल्या कंपनीचं टाका, जाणारच.

हेड फेस करून (मशीनवर सपाट करून) बसवताना यावेळी सगळं समोर उभं राहून करून घेतलं. फेसिंगनंतर हेडची जाडी मोजली, प्रीचेंबर बाहेर आलेत का बघितलं, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्याप्रमाणे किती भोकांचं गॅस्केट (भोकांच्या खुणेवरून त्याची जाडी कळते) ते ठरवलं, बोल्ट सगळे नवे. आणि बोल्टची भोकं आतून पूर्ण कोरडी केली, हे फार कमी लोक करतात पण बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) खोटं सांगतं, ब्लॉकला तडा पण जाऊ शकतो.

आता हवा. फिल्टर आणि टर्बोच्या मधे पाइपला एक बारीक नळी जोडली, ती केबिनमधे आणली आणि पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरलं, एवढंच यंत्र. शेजारी एकाला पट्टी घेऊन बसवायचं आणि चढावर फुल ॲक्सिलरेटर द्यायचा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक जास्त तितकी हवा अडतेय, आणि पहिलं रीडिंग २७ इंच आलं. टर्बो डिझेलला साधारण २५ इंचाला फिल्टर बदला असं म्हणतात, म्हणून फिल्टर बदलला, तर १९ आलं. नव्या फिल्टरला १९ म्हणजे अजून कुठेतरी अडतंय हे उघड होतं, पण दोन आठवडे सापडेना. शेवटी रबरी पाइप काढून आत टॉर्च मारला तर आतला थर सुटलेला होता, बाहेरून पाइप एकदम ठणठणीत, आणि ओढ बसली की आतला पापुद्रा जिभेसारखा खाली येऊन वाट बंद करायचा. पाइप बदलला, ११ इंच. हा पाइप मी स्वतः तीनदा हाताने दाबून ओके म्हटला होता, म्हणून सांगतो, बाहेरून बघून काही कळत नाही.

टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर एक्झॉस्ट तापमानाचा गेज बसवला होता. एक नेहमीचा लांब चढ आहे, तिथे तिसऱ्या गिअरला काम करण्याआधी काटा मिनिटभरात ७६० डिग्रीला जायचा, इनटेक मॅनिफोल्ड साफ करून आणि पाइप बदलून त्याच गिअरला ६४० ते ६५० वर थांबतो. मी स्वतःसाठी ७०० ची मर्यादा ठेवलीय, त्याच्या वर गेला की पाय सैल. काळा धूर जवळपास गेला, खालच्या आरपीएमला पिकअप सुधारला, ॲव्हरेजमधे किंचित फरक आहे पण त्यासाठी हे कोणी करू नये.

मधे महिनाभर उघडा कोन फिल्टर लावून बघितला आणि काढून टाकला. बॉनेटच्या आतली गरम हवा ओढतो, आत येणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक डिग्री जास्त दाखवत होतं, आणि गरम हवा विरळ म्हणजे परत तेच दुखणं. कंपनीचा बंद डबा आणि कागदी फिल्टरच चांगला.

दुसरी हवा रेडिएटरची. समोरून जाळी स्वच्छ दिसते पण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे धूळ-किड्यांचा घोंगडीसारखा थर बसलेला होता. तो इंजिनच्या बाजूने बाहेर असं पाणी मारून काढायचा, आणि जोराचं प्रेशर नको, फिन्स वाकतात. बाजूच्या फटी फोमने बंद केल्या म्हणजे हवा रेडिएटरला वळसा घालून जात नाही. व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावर घट्ट धरून जोरात फिरणारा पंखा) पण गेलेला होता, इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवला तर अडायला पाहिजे, माझा भिंगरीसारखा फिरत होता.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटलेली वस्तू म्हणजे हेडवरच्या एखाद्या लहान बोल्टखाली (हेड आवळणाऱ्या बोल्टखाली नव्हे) बसणारा रिंग सेन्सर आणि त्याचा अलार्म. कूलंटचं नाही, धातूचं तापमान मोजतो. एरवी ८८ ते ९२ असतं, अलार्म १०२ ला लावलाय. सातव्या महिन्यात हीटरचा होज फाटला, कूलंट रस्त्यावर, आणि डॅशवरचा काटा वर जायच्या ऐवजी खाली आला कारण त्याचा सेन्सर कोरडा पडला होता. काट्यावर विसंबलो असतो तर गाडी चालवतच राहिलो असतो. अलार्म वाजला, अर्ध्या मिनिटात बाजूला घेऊन बंद केली, तेव्हा १०८ होतं. होज बदलला, कूलंट भरलं, हवा काढली, हेडला काही झालं नाही. जुनं डिझेल असेल तर बाकी काही करा न करा, हा एक अलार्म लावाच, हे मी कळकळीने सांगतोय.

तक्रारी पण आहेत. अलार्मची वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून नेली होती, तिचं आवरण वितळलं, लांबून फिरवावी लागली. एक्झॉस्ट सेन्सरच्या नटाजवळून दोनदा गळती झाली, गार-गरम झाल्यावर तो परत आवळावा लागतो. आणि ईजीआर मी बंद केलेला नाही, बऱ्याच ठिकाणी ते नियमात बसत नाही, त्यामुळे काजळी परत येतेच, गेल्या आठवड्यात इनटेक मॅनिफोल्ड खोललं तर दोनेक मिलिमीटरचा थर होता.

पंपाचा (डिझेल वाढवणारा) स्क्रू आणि बूस्ट वाढवा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, केलं नाही. सिलिंडरमधलं प्रेशर वाढलं की हेड उचलायला बघतं, ते त्याच बोल्टांनी धरायचं असतं. चालवण्यात एकच बदल केला, चढाला गाडी वरच्या गिअरमधे रेटत नाही, वेळेत खालचा गिअर टाकतो, त्याने वॉटर पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात.

१४ महिने, २३ हजार किलोमीटर झाले. हेड बसवलं त्या दिवशी कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारली होती. त्या एका होजच्या वेळी सोडलं तर त्यात वरून काही घालावं लागलेलं नाही. रोज सकाळी थंड इंजिनवर वरचा होज दाबून बघतो, मऊ असतो. मागच्या दोन्ही वेळी गॅस्केट जायच्या आधी तो सकाळी सकाळीच दगडासारखा कडक लागायचा, आणि तेव्हा त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.