हनोईत पहिल्याच रात्री फसलो. रात्री उशिरा पोचणाऱ्यांनी प्लीज वाचा

मी आणि आई, दोघीच, बारा दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. टूर कंपनी नाही, ग्रुप नाही, सगळं बुकिंग मी स्वतः केलेलं आणि आईचा हा पहिलाच परदेश प्रवास. ट्रिप खूप छान झाली, पण पहिल्या रात्री जे झालं ते आठवलं की अजूनही पोटात कसंतरी होतं. आमच्यासारखं दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय, जरा मोठं झालंय.

तयारी मी भरपूर केली होती हे आधी सांगते. व्हिसा सरकारी साइटवरूनच काढला, सिंगल एंट्री 25 डॉलर. नेटवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या एजंटांच्या साइट्सच आधी वर येतात आणि ते त्याच ई-व्हिसाचे कितीतरी जास्त पैसे घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन आहे की नाही हे मी चारदा बघितलं होतं. बारा दिवसांचा रोजचा प्लॅन वहीत होता. नव्हता तो फक्त विमानातून उतरल्यापासून हॉटेलच्या खोलीत शिरेपर्यंतच्या वेळेचा, आणि नेमकं तिथेच सगळं झालं.

विमान लेट झालं, हनोईच्या नोई बाई एअरपोर्टवर इमिग्रेशन करून बाहेर यायला रात्रीचे साडेबारा वाजले. शहरात जाणारी 86 नंबरची नारिंगी बस तोवर बंद झालेली. एअरपोर्टवर सिमकार्ड महाग मिळतं, सकाळी शहरात घेऊ असं मी ठरवलं होतं, त्यामुळे फोनला नेट नाही, म्हणजे ग्रॅब (ओला-उबरसारखं टॅक्सीचं ॲप) बुक करता येईना, नकाशाही चालेना. एटीएममधून 20 लाख डोंग (तिथलं चलन) काढले, त्यात 5 लाखांच्या चार नोटा आल्या. आईनं त्या घडी करून छोट्या पर्समध्ये ठेवल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाराबाहेर एक जण अगदी नम्रपणे पुढे आला, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी अडकवलेलं, म्हणाला टॅक्सी, ओल्ड क्वार्टर (हनोईचा जुना भाग, आमचं हॉटेल तिथेच होतं), 4 लाख. मला ते थोडं जास्त वाटलं पण आई पार दमली होती, तिची बॅग त्यानं आधीच उचललेली, बसलो. मी त्याला बुकिंगचा प्रिंट दाखवला, त्यावर हॉटेलचं नाव आणि पत्ता होता. रस्त्यात त्यानं फोन केला, तिकडच्या माणसाशी त्यांच्या भाषेत बोलला आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस इंग्रजीत म्हणाला, मॅडम मी तुमच्या हॉटेलमधून बोलतोय, तुमच्या खोलीत पाणी भरलंय, आमची दुसरी ब्रँच जवळच आहे, तीच किंमत, काळजी करू नका. त्यानं माझं नाव घेतलं. मला तेव्हा खरंच वाटलं की हॉटेलचाच फोन आहे. नाव ड्रायव्हरनं प्रिंटवरून वाचून सांगितलं असणार हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

गाडी एका अरुंद गल्लीत थांबली. हॉटेलच्या बोर्डावर नाव जवळजवळ आमच्याच हॉटेलचं, फक्त शेवटी एक शब्द जास्त. गाडीतला दिवा त्यानं लावलाच नाही. मी आईकडून एक नोट घेऊन त्याला दिली, तो समोर वळला, लगेच परत मागे वळला आणि हातातली नोट माझ्यासमोर धरून म्हणाला, नो नो मॅडम, धिस ट्वेंटी. बघते तर खरंच 20 हजारांची नोट! मी सॉरी म्हणून ती परत घेतली, दुसरी 5 लाखांची दिली, त्यानं 1 लाख सुटे दिले, बॅगा उतरवल्या आणि गेला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

आत काउंटरवरच्या माणसानं दोघींचे पासपोर्ट घेतले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले, सकाळी देतो म्हणाला. सकाळी खाली आलो तर म्हणे खोलीचे 30 डॉलर माणशी, म्हणजे 60. माझं बुकिंग दोघींचं मिळून 16 डॉलरचं होतं. मी प्रिंट दाखवला तर म्हणाला हे आमचं हॉटेल नाही. रात्री फोनवर तुम्हीच तर बोललात म्हटलं तर माहीत नाही एवढंच. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये, आई बाजूला उभी राहून घाबरून माझा हात धरतेय, अशा वेळी वाद घालायची हिंमत होत नाही. मी सोबत आणलेल्या डॉलरमधून 60 दिले आणि पासपोर्ट घेऊन बाहेर पडलो.

आमचं खरं हॉटेल तिथून चालत सात मिनिटांवर निघालं. पाणीबिणी काही भरलं नव्हतं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली की रात्रपाळीचा माणूस दोनपर्यंत तुमची वाट बघत होता. आम्ही आलोच नाही म्हणून त्या रात्रीचे पैसे बुकिंगच्या कार्डवरून कापले गेले होते, म्हणजे एका रात्रीचे दोनदा भरले. तिनं आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि तेवढ्यात आई पर्स उघडून एकदम म्हणाली, "अगं, मशीनमधून तर चारही नोटा सारख्याच आल्या होत्या ना? मग ही वीसची आली कुठून?"

मी गप्पच झाले. आम्ही तोवर काहीच विकत घेतलं नव्हतं, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. आमच्याकडे 20 हजारांची नोट असणं शक्यच नव्हतं. तो समोर वळला तेव्हा त्यानं आमची नोट खाली ठेवून स्वतःची 20 हजारांची हातात घेतली होती. 4 लाखांच्या टॅक्सीचे आम्ही 8 लाख 80 हजार दिले.

त्या मुलीनं मग दोन्ही नोटा काउंटरवर शेजारी ठेवून दाखवल्या. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्ही निळ्या, दोन्हींवर हो ची मिन्हचा चेहरा. 5 लाखांची नोट दुसरीपेक्षा जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी, त्याहूनही थोडी कमीच, जास्त लांब, आणि तिचा निळा जरा हिरवटाकडे जाणारा. मागे उलटलं की 20 हजारांवर होई आन या जुन्या गावातला जपानी पूल आहे आणि 5 लाखांवर हो ची मिन्हचं जन्मगावातलं घर. उजेडात कोणीही ओळखेल, पण अंधारात, झोपेत, सगळीकडे शून्यंच शून्यं दिसत असताना नाही ओळखू येत. तिनं आणखी विचारलं गाडीची नंबर प्लेट कुठल्या रंगाची होती. आईला आठवलं, पांढरी. ती म्हणाली भाड्यानं चालणाऱ्या गाड्यांना इथे पिवळी प्लेट लागते, पांढरी म्हणजे खाजगी गाडी. नंबर मी लिहून घेतला नव्हता, फोटो काढला नव्हता, त्यामुळे पोलिसांत सांगण्यासारखं हातात काहीच नव्हतं. पोलिसांचा नंबर तिथे 113 आहे, सेव्ह करून ठेवा.

त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगते. 5 लाखांच्या नोटा आईच्या पर्समध्ये, बाकी सगळ्या माझ्याकडे, एकत्र ठेवल्याच नाहीत. पैसे देताना नोट हातात धरून आकडा मोठ्यानं म्हणायचा, "फाइव्ह हंड्रेड थाउजंड", समोरच्यानं मान हलवली की मगच सोडायची. कोणी नुसतं "फिफ्टी" म्हणालं तर हजार की डॉलर हे आधी विचारायचं, कारण तिथे बोलताना शेवटची तीन शून्यं सगळेच गाळतात, त्यात काही फसवणूक नाही, पण फसवणाऱ्याला ते सोयीचं पडतं. सिम मात्र एअरपोर्टवरच घ्या, महाग असलं तरी. माझे तिथे जेवढे वाचले त्याच्या कितीतरी पट गेले. आणि गाडीत कोणीही कोणाचाही फोन हातात दिला तरी हॉटेलचा नंबर आपल्याकडचा, आपल्या फोनवरून लावायचा. पासपोर्ट हॉटेलला नोंदीसाठी दाखवावा लागतो हे खरं आहे, पण आम्ही पुढे प्रत्येक ठिकाणी समोर उभं राहून स्कॅन करून घेतला आणि लगेच परत मागितला, कोणीही नाही म्हटलं नाही.

हनोईतच होआन किएम तलावाजवळ अजून एक प्रसंग झाला. आम्ही बाकावर बसलेलो, एक माणूस पेटी घेऊन आला, आईच्या चपलेकडे बोट दाखवलं आणि आम्ही काही बोलायच्या आत खाली बसून सोलमध्ये गोंद भरलासुद्धा. चप्पल त्याच्या हातात, मागतोय 5 लाख! यावेळी मी उठून उभी राहिले, चप्पल धरली, मोठ्यानं "खोम" म्हणजे नाही म्हटलं, आजूबाजूची माणसं बघायला लागली तसं तो 20 हजार घेऊन गेला. खांद्यावर कावड देऊन फोटो काढा म्हणणाऱ्या फळवाल्यांचंही असंच असतं, खांद्यावर घेण्याआधीच पैसे ठरवा किंवा घेऊच नका.

एक मात्र सांगायलाच हवं, त्या मुलीसारखी माणसंच आम्हाला सगळीकडे भेटली. निन्ह बिन्हला आईची छत्री नावेत राहिली तर नाव वल्हवणाऱ्या बाई पाठी धावत येऊन देऊन गेल्या. म्हणून व्हिएतनामला जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये.

परत येताना आम्ही दुपारीच 86 नंबरची बस पकडली, माणशी 45 हजार, कंडक्टरनं हातात छापील तिकीट दिलं. ड्रायव्हरनं दिलेली ती 20 हजारांची नोट आईनं खर्च केली नाही. होई आनला त्या पुलासमोर उभी राहून तिनं ती उलटी करून पुलाशी ताडून बघितली होती, आता ओळखीतलं कोणी व्हिएतनामला निघालं की ती नोट आणि 5 लाखांच्या नोटेचा मोबाईलमधला फोटो त्यांच्यापुढे ठेवते आणि विचारते, सांगा बरं यातली मोठी कुठली.