तिसऱ्या पिढीची स्विफ्ट: पैसा टायरवर घाला, इंजिनाला हात लावू नका

बजेट कमी आहे, पण गाडी चालवायला मजा यायला हवी, अशा पुण्यातल्या पोरापोरींनी 2021 ते 2024 मधली मारुतीची पेट्रोल मॅन्युअल स्विफ्ट, म्हणजे तिसऱ्या पिढीची, आधी बघावी. 1197 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, 90 पीएस, 113 न्यूटन मीटर आणि वजन जेमतेम नऊशे किलोच्या आसपास. मे 2024 मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टला सहा एअरबॅग मिळाल्या, पण इंजिन तीन सिलिंडरचं झालं. वरच्या आरपीएमला जुनीच जास्त गोड पळते. फक्त पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, 4400 आरपीएमला येतो. कात्रजचा जुना घाट चढताना तिसऱ्यात रेंगाळायला लागली की पाय दाबत बसू नका, सरळ दुसरा टाका.

उणी बाजू मोठी आहे. 2022 च्या ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत या गाडीला पाचपैकी एकच तारा मिळाला. म्हणूनच मॉडिफिकेशनचा पहिला रुपया पकड आणि ब्रेकवर गेला पाहिजे.

व्हीएक्सआय या खालच्या व्हेरिएंटला कंपनी 165/80 आर14 टायर देते (165 मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची). घाटातल्या वळणावर हा अरुंद, उंच टायर आडवा दबतो आणि पुढचं तोंड बाहेर सरकतं. उपाय कंपनीच्याच कॅटलॉगमध्ये आहे: वरच्या झेडएक्सआय व्हेरिएंटचा 185/65 आर15. दोन्हींचा बाहेरचा व्यास सुमारे 620 मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही, टायर कुठे घासत नाही आणि पिकअप मरत नाही. अजून पकड हवी तर त्याच 15 इंची रिमवर 195/60 आर15 बसतो. व्यास एक टक्काच कमी होतो. त्यापुढे 17 इंचाची हौस नको. टायरची भिंत पातळ होते आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत रिम वाकते. 14 वरून 15 इंची टायरवर जाण्याच्या एवढ्या एका बदलाने गाडी ओळखू येत नाही, इतका फरक पडतो.

नाना पेठेतून किंवा ऑनलाइन अलॉय घेताना 4x100 पीसीडी (चार बोल्ट, 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर) जुळलं म्हणून लगेच पैसे देऊ नका. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास 54.1 मिलिमीटर आहे. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा मोठं असतं. ती फट भरणारी सेंटरिंग रिंग घातली नाही तर ऐंशी-शंभरला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी जात नाही. नट एम12x1.25 आटीचेच हवेत (12 मिलिमीटर जाडी, आट्यांमध्ये 1.25 मिलिमीटर अंतर). 1.5 चा नट पहिले दोन-तीन फेरे बसल्यासारखा वाटतो, मग स्टडची आटी खातो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्या.

ब्रेकला पुढे डिस्क, मागे ड्रम. रोजच्या वापराला पुरतात. दिवे घाटातून हडपसरकडे उतरताना सतत पाय ठेवला तर तापतात आणि पेडल मऊ पडतं. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला, डॉट 4 दर्जाचं भरा, चांगले पॅड टाका आणि उतार गिअरवर उतरा.

ग्राइंडरने स्प्रिंग कापून घेणं हा निव्वळ धोका आहे. कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही आणि शॉकॲबसॉर्बर स्पीडब्रेकरगणिक तळ गाठतो. मुळात ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर. आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर बघता तेवढा लागतोच.

मूळ एअर फिल्टरच्या जागी लावलेला उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद नाही. रीमॅपवरही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्यावरही, पैसे घालू नका. टर्बोच नाही, तर बूस्ट वाढवणार कशाचा? धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलात तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीलाही अडकता. बेकायदा फेरफाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

जुनी घेताना गाडी लिफ्टवर चढवाच. स्प्रिंगचं टोक कापलेलं आहे का, सायलेन्सरवर नवं वेल्डिंग आहे का, हेडलाइटमागचा बल्बचा होल्डर वितळलाय का ते बघा. 60/55 वॅटच्या जागी रिलेशिवाय 100/90 चे बल्ब लावलेल्या गाडीत तो हमखास काळा पडतो. मूळ रिम मालकाकडे असतील तर त्याही मागून घ्या.