समुद्रकिनाऱ्यावरील पक्ष्यांसाठी १५०-६०० मिमी झूम लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी घेतलेली ही लेन्स मी जवळजवळ केवळ समुद्रकिनाऱ्यावर, सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या सहलींमध्ये वापरली आहे. त्यामुळे जंगलातील वापराविषयी मी काही सांगणार नाही. किनाऱ्यावर मात्र लेन्सच्या पल्ल्यापेक्षा भरतीची वेळ आणि हवा यांवर चित्र अधिक अवलंबून असते, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

१.५ पट क्रॉप सेन्सरवर (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ६०० मिमीची दृश्यकक्षा ९०० मिमीइतकी अरुंद होते, तरीही ओहोटीच्या वेळी दूर चिखलात चरणारे तुतवार आणि चिखले हे पक्षी ठिपक्यांएवढेच दिसतात. लेन्सचा पल्ला वाढवणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर जोडला तर एक स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे तो निम्मा होतो, छिद्र एफ/६.३ चे जवळपास एफ/९ होते आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस चाचपडू लागतो. शिवाय उन्हाने तापलेल्या वाळूवरील हवा सतत थरथरत असते आणि पक्षी जितका दूर, तितकी ती थरथर चित्रात अधिक उतरते. पिसे पुसट आली की दोष लेन्सच्या माथी मारला जातो. तीच लेन्स सकाळच्या थंड हवेत, जवळच्या पक्ष्याचे पीस न् पीस सुटे दाखवते.

अंतर कमी करण्याचे काम भरतीवर सोपवावे. पाणी चढू लागले की चिखलाचा पट्टा आक्रसतो आणि पक्षी किनाऱ्याकडे सरकू लागतात. पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जागा धरून, खाली बसून, हालचाल न करता थांबले तर ते चरत चरत बरेच जवळ येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी त्यांना पार वरच्या वाळूपर्यंत आणते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत पाणी तेवढे चढत नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जात असल्यामुळे, ती कोवळ्या उन्हाशी जुळणारे दिवस कोष्टकात आधीच हेरून ठेवावेत. पाणी पूर्ण चढल्यावर मात्र थवे विसावा घेतात. दूरच्या स्थलांतरासाठी साठवलेली त्यांची शक्ती एका चित्रापायी उडण्यात खर्च व्हावी, हे मला मुळीच मान्य नाही. तेव्हा मी जागेवरून उठत नाही.

अशा रीतीने बसल्यावर माझी बहुतेक चांगली चित्रे ३०० ते ४५० मिमीच्या दरम्यान आली. ६०० वर पूर्ण उघड्या छिद्राला चित्रात किंचित मऊपणा (पुसटपणा) जाणवतो, एफ/८ वर तो जातो. पाण्यात सूर मारणाऱ्या सुरय पक्ष्यासाठी आधी ३०० वर पक्षी शोधून मग झूम करणे सोपे पडते. शटर १/२५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवे. आकाशाच्या पार्श्वभूमीवर ऑटोफोकस उडता कुरव पक्षी सोडत नाही, पण फेसाळ लाटांपुढे तो फेसाकडे धावतो. गडद पाण्यावरील पांढऱ्या पक्ष्यासाठी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे, नाहीतर पाठीवरचे तपशील कायमचे जळतात.

वजन सुमारे दोन किलो आहे. मऊ वाळूत ट्रायपॉडचे पाय रुततात, म्हणून मी बीनबॅग वापरतो. त्यामुळे पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून चित्र घेता येते. खरी काळजी खाऱ्या हवेची. झूम करताना नळी बाहेर येते आणि हवा आत ओढते, त्यामुळे वाळू उडत असेल तेव्हा झूम एका जागी ठेवावी. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. परतल्यावर बाहेरील भाग प्रथम गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने आणि नंतर कोरड्याने पुसावा. कोरडे कापड आधी फिरवले तर मिठाचे कण आणि वाळू पृष्ठभागावर घासली जाते. एवढे सांभाळूनही झूमची कडी पूर्वीपेक्षा थोडी जड फिरू लागली आहे.

दिवसभर किनाऱ्याने चालत, हातात कॅमेरा धरून चित्रे घेणाऱ्यांनी हिच्याऐवजी हलकी १००-४०० मिमी घ्यावी. एका जागी बसून भरतीची वाट पाहण्याची तयारी असेल, तर मी ही लेन्स निःशंकपणे सुचवीन.