ऐकून न घेता तजवीद शिकवणाऱ्यांपासून सावध राहा

मराठी शाळेत शिकलेल्या, उर्दू न येणाऱ्या आणि आता मोठेपणी कुरआन शरीफ तजवीदसह, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या अचूक उच्चारासह, पढायला शिकू पाहणाऱ्या भावाबहिणींसाठी हे मुद्दाम लिहितोय. सध्या अशाच लोकांना हेरून गंडा घातला जातोय, आणि आमच्या घरात तो माझ्या मोठ्या बहिणीला बसला.

वडिलांच्या बदल्यांमुळे आपाचं मकतब, म्हणजे कुरआन शिकायचा वर्ग, लहानपणीच अर्धवट सुटलं होतं. मुलं हाताशी आली, तशी तिला ती जुनी हुरहुर पुन्हा लागली. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली: 30 दिवसांत तजवीदसह कुरआन, घरबसल्या, उर्दूची गरज नाही. फी 3,000 रुपये, आगाऊ, यूपीआयने. तिने भरली.

मग रोज ऑडिओ यायला लागले, 'कारी साहेबांच्या', म्हणजे कुरआन पठण करणाऱ्यांच्या, आवाजात. आवाज खरोखर सुरेख होता. असणारच, कारण तो इजिप्तचे मरहूम कारी शेख महमूद खलील अल-हुसरी यांचा होता. त्यांची तिलावत, म्हणजे कुरआन पठण, इंटरनेटवर कुणालाही फुकट ऐकता येते. सोबत देवनागरीत छापलेल्या सूरहांची, म्हणजे कुरआनातल्या अध्यायांची, पीडीएफ. तिच्यात से, सीन आणि स्वाद या तीन वेगळ्या अरबी अक्षरांसाठी एकच 'स'. जाल, जे, ज्वाद आणि जोय या चौघांसाठी एकच 'ज'. 'अल्हम्दु'मधली 'बडी हे' घशाच्या मधोमध उमटते आणि 'अल्लाह'च्या शेवटची 'छोटी हे' घशाच्या अगदी तळातून येते, पण कागदावर दोन्हीकडे साधा 'ह'. म्हणजे तजवीदमध्ये जे पहिल्यांदा शिकायचं, तो मखरज, म्हणजे अक्षर तोंडात-घशात जिथून निघतं ती जागा, नेमका तोच या पीडीएफमध्ये नव्हता.

आपा रोज आपली ऑडिओ पाठवायची. मिनिटाभरात उत्तर यायचं, 'माशाअल्लाह, बहुत सुधार है'. एकदा घाईत तिच्याकडून भलतीच फाइल गेली. माझा भाचा सतराचा पाढा म्हणत होता, ती. उत्तर आलं, 'माशाअल्लाह, बहुत सुधार है'. तिने ते मला दाखवलं तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. इतके दिवस पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर बसून ती मन लावून पढत होती आणि पलीकडे ऐकणारं कुणी नव्हतंच.

पैशांपेक्षा मला संताप आणणारी गोष्ट वेगळीच आहे. हे कळायच्या आधीच तिच्याकडून 'सनद' म्हणून आणखी 5,000 रुपये उकळले होते, आणि तेही भीती घालून. सनद नसेल तर पढण्यातल्या चुकांमुळे तुमच्या सगळ्या नमाजा वाया जातील, असं तिला सांगितलं. सनद, इजाजा म्हणजे काय हे नीट समजून घ्या. शागीर्द उस्तादांसमोर बसून अख्खं कुरआन तजवीदसह ऐकवतो, तेव्हा कुठे उस्ताद पुढे शिकवायची परवानगी देतात, आणि उस्तादांची ही साखळी थेट पैगंबरांपर्यंत जाऊन पोहोचते. एक आयतही, म्हणजे कुरआनातलं एक वाक्यही, न ऐकता हा कागद विकणारा माणूस त्या साखळीतल्या प्रत्येकाचा अपमान करतो. आणि नवशिक्याला घाबरवायचं कशाला? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत आयशांची हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) आहे: जो अडखळत, कष्टाने कुरआन पढतो त्याला दुहेरी सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो.

पाढ्याबद्दल जाब विचारल्यावर तिला ग्रुपमधून काढलं आणि नंबर बंद झाला. 

आता ती मोहल्ल्यातल्याच एका आलिमांकडे जाते. तिथे 'नूरानी कायदा' या अरबी अक्षरं शिकवणाऱ्या पुस्तकापासून सुरुवात झाली. पहिल्या दिवशी 'अल्हम्दु'च्या पुढे गाडी सरकली नाही. 'बडी हे' आणि 'छोटी हे' वेगळ्या निघेपर्यंत त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं नाही. सूरह फातिहाच्या, म्हणजे कुरआनातल्या पहिल्या अध्यायाच्या, शेवटच्या शब्दातल्या ज्वादसाठी जिभेची कड वरच्या दाढांना लागते, हे त्यांनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. नून साकिनचे, म्हणजे स्वर नसलेल्या 'न'चे, चार नियम, इजहार, इदगाम, इकलाब, इखफा, त्यांना अजून वेळ आहे. हे सावकाश चाललंय, पण तिचा 'ह' बदललेला मला घरात बसून ऐकू येतो.

ऑनलाइन शिकायला हरकत नाही, चांगले उस्ताद तिथेही आहेत. फक्त एक रुपयाही देण्याआधी समोरासमोर व्हिडिओ कॉलवर तुमची फातिहा ऐकायला सांगा. खरा उस्ताद तुम्हाला पहिल्या-दुसऱ्या आयतीतच थांबवेल आणि नेमकं अक्षर धरून चूक सांगेल. नुसतं 'माशाअल्लाह' म्हणून फीचा क्यूआर कोड पाठवणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. देवनागरी किंवा रोमन लिपीतून तजवीद शिकवतो म्हणणाऱ्यालाही.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. दीनच्या नावाने फसलो हे चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून आपा काही दिवस बोललीच नाही आणि तेवढा वेळ त्या लोकांना मिळाला. 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे समोरच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि समोरचा नंबर जपून ठेवा, ते तुम्हाला ग्रुपमधून काढण्याआधीच.