एआयची मेमरी: घरचा सर्व्हर की रेडीमेड? दोन्ही वापरून बघितलं

कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं चपलांचं दुकान, व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांशी बोलायला एआय असिस्टंट लावलाय, पण त्याला कालचं आज आठवायचं नाही. म्हणून मेमरी टूल शोधलं.

आधी मेम-झिरो (Mem0, एआयला आठवणी ठेवून देणारं टूल) घरच्याच पीसीवर टाकलं, ओपन सोर्स आहे, लायसन्सचा रुपया नाही, डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पीजीव्हेक्टर (वेक्टर साठवायची जोडणी) लावून आपल्याकडंच. लय भारी वाटलं. मग मी शहाणपणा केला, पैसे वाचवायला ओपनएआयचं एम्बेडिंग (मजकुराची आकड्यांची यादी, म्हणजे वेक्टर, बनवणारं मॉडेल) काढून ओलामावर (घरच्या पीसीवर मॉडेल चालवायचं टूल) नोमिकचं फुकट मॉडेल लावलं, आणि सगळं बंद! पहिल्याचे वेक्टर 1536 आकड्यांचे, दुसऱ्याचे 768, जुन्या टेबलात बसणार कसे? सगळ्या आठवणी परत एम्बेड करत बसलो, रात्रीचा दीड वाजला, त्यात पावसानं लाईट गेली.

नंतर एक मॅनेज्ड सर्व्हिस, म्हणजे सर्व्हर कंपनीच सांभाळते अशी, घेतली (नाव नको). एपीआय की (पासवर्डसारखा कोड) टाकली की चालू, बॅकअपची कटकट नाही. पण एक गिऱ्हाईक म्हणालं 8 नंबर नको, कापशी 9 ची द्या, तरी असिस्टंट पुढच्या वेळी 8 च सांगतोय. दोन्ही नोंदी तशाच पडलेल्या, जुनी पुसायचं बटण सापडंना आणि सपोर्टचा रिप्लाय तिसऱ्या दिवशी. घरच्या सर्व्हरवर हेच एका डिलीट क्वेरीचं (डेटाबेसला दिलेल्या पुसायच्या हुकमाचं) काम हो!

मी परत घरच्यावर आलोय, यूपीएस घेऊन. ज्याला डॉकर म्हणजे काय हे माहीत नाही त्यानं गुमान मॅनेज्ड घ्यावं, फक्त डेटा एक्सपोर्ट करता येतो का ते आधी विचारा.