अन्नदान, दरमहा देणगी की वेळ? सीमाभागातल्या मुलांच्या संस्थेला कशी मदत करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मठाचं मोफत वसतिगृह, चर्चचं बोर्डिंग, यतीमखाना किंवा देवस्थानच्या न्यासाचं बालगृह सगळ्यांच्या ओळखीचं असतं. काही द्यायचं ठरलं की बहुतेकांना आधी अन्नदान सुचतं. श्रावणात आईच्या तिथीला एक जेवण, नाहीतर मुलाच्या वाढदिवसाला केक. हे वाईट नाही, पण संस्थेच्या गरजांच्या यादीत ते बरंच खाली येतं.

पैसे कुठेही देण्याआधी एक कागद बघा. निराधार किंवा संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 41 खाली नोंदणी करावी लागते. मठाची असो, मिशनची असो की मदरशाला जोडलेली असो, यातून सूट नाही. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख वाचा. तिथली मुलं बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीच्या, आदेशाने आलेली असायला हवीत. आईबापांनी फक्त शाळेसाठी ठेवलेल्या मुलांचं वसतिगृह ही वेगळी गोष्ट. तिथे मदत जरूर करावी, पण ‘अनाथांची संस्था’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर हा फरक विचारून घ्यावा.

आता अन्नदान. 40 मुलांच्या एका जेवणाला साधारण 5 किलो तांदूळ, 2 किलो तूरडाळ, 5 किलो भाजी आणि पाऊण लिटर तेल लागतं. गोडाला माणशी 50 ग्रॅम धरला तरी 2 किलो कुंदा पुरतो. खर्च बेताचा आणि समाधान हातोहात. अडचण तारखांची आहे. गणपती, दिवाळी, नाताळ, रमजान आणि रविवार या दिवशी दाते दाटीवाटीने येतात. दुपारी एकाचं जेवण, चारला दुसऱ्याचा केक, रात्री तिसऱ्याची बिर्याणी आली की मुलांची पोटं बिघडतात आणि उरलेलं फेकावं लागतं. हॉटेलातून आणलेलं जेवण बारा वाजता निघून दोनला पोचलं, तर भूक मेलेली असते आणि उन्हाळ्यात खव्याची मिठाई आंबायला लागते. त्यामुळे शिधा संस्थेत द्या आणि रांधणं तिथल्याच स्वयंपाकघरावर सोडा. दिवस अधीक्षकांना विचारून ठरवा. जुलैतला एखादा मंगळवार कोणी मागत नाही, तो घ्या.

शिधा देतानाही हिशेब हवा. दोन्ही वेळचं मिळून मुलामागे 200 ग्रॅम तांदूळ धरला, तर 40 मुलांना दिवसाला 8 आणि महिन्याला 240 किलो लागतो. उत्साहाच्या भरात जूनमध्ये चार महिन्यांचा तांदूळ एकदम उतरवला, तर खानापूरच्या पावसात दमट खोलीत त्याला सोंडे लागतात. त्यापेक्षा गावातल्या वाण्याकडे पैसे भरून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी माल पोचता करायला सांगा. बिल संस्थेच्या नावावर करून घ्या.

कपड्यांबद्दल थोडक्यात: वापरलेले कपडे आणि अर्ध्या भरलेल्या औषधाच्या बाटल्या पाठवू नका. ते निवडायला, धुवायला आणि टाकायला माणसं संस्थेचीच लागतात. नवीन द्यायचं तर एप्रिलमध्ये मापांची यादी मागा. अंदाजाने आणलेल्या बुटांच्या जोड्या कपाटात पडून राहतात.

शालेय साहित्यात सीमाभागाची एक खास गफलत होते. कोल्हापूर, गडहिंग्लजहून येणारे दाते बालभारतीची पुस्तकं आणि महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची गाईडं गठ्ठ्याने आणतात. कर्नाटकातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत कर्नाटकची पाठ्यपुस्तकं चालतात, त्यामुळे हे गठ्ठे कोपऱ्यात धूळ खातात. वेळापत्रकही वेगळं आहे. इथल्या शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुरू झालेल्या असतात, महाराष्ट्रात जूनचा मध्य उजाडतो. वह्या 15 जूनला आणल्या तर पोरांचे दोन आठवडे जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर गेलेले असतात. मोठी सुट्टीही इथे दसऱ्याला असते. दिवाळीत नातेवाइकांकडे जाणारी मुलं आहेत की नाहीत, हे कार्यक्रम ठरवण्याआधी विचारा.

दरमहा रोख देणगी दिसायला फिकी वाटते. फोटो नाही, हार नाही. तरीही याच पैशावर संस्था टिकते, कारण गृहमातेचा पगार, 19 किलोचा सिलिंडर, वीजबिल आणि जुलैतल्या तापाचा डॉक्टर यांसाठी कोणी अन्नदान करत नाही. सरकारी अनुदान मिळत असेल तर मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेच्या निकषांत मुलामागे देखभालीला महिन्याला 3,000 रुपये धरलेले आहेत, म्हणजे दिवसाला 100. यात जेवण, कपडे, साबण, वह्या सगळं बसवायचं असतं. म्हणून एकदम 6,000 देण्यापेक्षा महिन्याला 500 द्या आणि कशावर खर्च करायचे ते त्यांच्यावर सोडा. बँकेत स्थायी सूचना किंवा यूपीआय ऑटोपे लावलं की काम झालं. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव यायला हवं. महाराजांचं, फादरचं किंवा मौलानांचं व्यक्तिगत नाव आलं, तर माणूस कितीही भला असो, पैसे पाठवू नका.

करसवलतीचा हिशेब दात्यांना नेहमी फुगवून सांगितला जातो. संस्थेला 80 जी, म्हणजे आयकरातली देणगीवरच्या सवलतीची मान्यता, असेल तर साधारण निम्मी रक्कम वजावटीला धरतात आणि तीही जुन्या करप्रणालीत. 12,000 दिले तर वजावट 6,000 ची. 20 टक्क्यांच्या टप्प्यात कर वाचतो सुमारे 1,200 रुपये. नव्या प्रणालीत काहीच नाही. 2,000 च्या वर रोखीने दिलेलं धरत नाहीत, आणि तांदूळ, कपडे यांसारख्या वस्तूंना वजावट अजिबात नाही. देवळाच्या हुंडीत टाकलेल्या नोटेची पावती नसते आणि ती देवस्थानच्या हिशेबात जाते. मुलांसाठी द्यायचं असेल तर खिडकीवर तसं सांगून, संस्थेच्या नावाची पावती घ्या.

एकाच मुलाला ‘दत्तक’ घेऊन त्याचा खर्च उचलण्याची योजना दात्यांना फार आवडते: मुलाचं नाव, फोटो, वर्षाकाठी एक पत्र. हा पर्याय शेवटी ठेवा. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघींपैकी एकीला खोका येतो आणि दुसरी बघत बसते. पुढे समितीने मुलीला मावशीकडे परत पाठवलं की दात्याला फसवल्यासारखं वाटतं, खरं तर संस्थेने तिथे आपलं काम चोख केलेलं असतं. शिवाय मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केक भरवतानाचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. एका मुलासाठीच द्यायचं असेल, तर जिल्हा बाल संरक्षण घटकाकडून प्रायोजकत्वाची चौकशी करा. त्यात मूल घरीच, विधवा आईकडे किंवा आजीकडे राहतं. सरकारी प्रायोजकत्वाची रक्कम महिन्याला 4,000 आहे आणि खासगी प्रायोजकालाही त्यात जागा आहे. मूल संस्थेत येण्याची वेळच टळते, आणि नाव झळकवण्याची हौस नसणाऱ्यासाठी याहून चांगला पर्याय नाही.

पैसा नाही, वेळ आहे, त्यांनी आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: वर्षभर दर शनिवारी दोन तास येणं जमेल का? एकदा येऊन गोष्टी सांगणाऱ्यापेक्षा नियमाने गणित घेणारा कामाचा. मराठी माध्यमाच्या मुलांना आधार हवा असतो तो कन्नडमध्ये. अर्ज भरणं, बसची पाटी वाचणं, पुढे कचेरीत बोलणं, सगळं त्यावर अडतं. कन्नड चांगलं येणारी निवृत्त शिक्षिका इथे दहा हजारांच्या देणगीपेक्षा मोलाची. पोलीस पडताळणी मागितली तर राग मानू नये. ती न मागणाऱ्या संस्थेचीच काळजी करावी. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, हा नियम सगळ्यांना, पुजाऱ्यालाही.

धर्माचा मुद्दा पहिल्या भेटीतच बोलून घ्या. प्रार्थना, भजन, नमाज असेलच. दुसऱ्या धर्माच्या मुलाला त्यातून सूट आहे का, हे विचारा. ‘आमच्याच समाजाच्या मुलांना द्या’ अशी अट मात्र घालू नका. एकाच पंगतीत बसलेल्या मुलांत संस्थेला भेद करायला लावणारे तुम्ही ठराल.

मूल घरी न्यायच्या इच्छेने देणगी देणारी जोडपीही येतात. संस्था मूल देऊ शकत नाही. दत्तक घ्यायचं तर ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडेच नोंदणी करावी लागते. देणगीच्या बदल्यात रांग चुकवून देतो असं कोणी म्हटलं, तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

परदेशातल्या मुलांकडून पैसे येणार असतील तर पासपोर्ट कुठला ते बघा. दुबईतल्या लेकाकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. लंडनच्या भाचीने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असूनही ती रक्कम परकीय धरतात. अशा वेळी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. बेळगावच्या खात्यात ते चुकून आले, तर जबाब संस्थेला द्यावा लागतो.