बीजगणिताची पेटी: तराजू पाचवीला, टाइल्स सातवीला

सांगलीत हरभट रोडच्या आसपास शालेय साहित्याच्या दुकानांत 'बीजगणित पेटी' मिळते. वरची नावं वेगवेगळी, आतला माल मात्र थोड्याफार फरकाने तोच: प्लास्टिकचा दोन पारड्यांचा तराजू, ५ ग्रॅमचे रंगीत ठोकळे, सहा छोट्या कापडी पिशव्या, बीजगणिताच्या टाइल्स (चौरस आणि पट्ट्या) आणि एक मार्गदर्शक पुस्तिका. किंमत हजाराच्या आत. झाकणावर 'इयत्ता तिसरी ते दहावी' असं छापलेलं असतं, आणि पालकांचा घोळ तिथूनच सुरू होतो. नक्की कितवीला घ्यायची?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. तराजू चौथी-पाचवीला काढा, टाइल्स सातवीपर्यंत माळ्यावर ठेवा, आणि पुस्तिका वाचली नाही तरी काही बिघडत नाही.

तराजू इतक्या लवकर का? कारण बीजगणित क्षपासून सुरू होत नाही, बरोबरच्या चिन्हापासून होतं. चौथीतल्या मुलाला ८ + ४ = □ + ५ हे लिहून द्या. बरीच मुलं चौकोनात १२ लिहितात, काही जण दिसेल ते सगळं मिळवून १७. त्यांची बेरीज पक्की असते. घोटाळा वेगळाच आहे: पहिलीपासून त्यांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा'. याच सवयीतून पुढे ५ + ३ = ८ × २ = १६ अशी साखळी वहीत येते आणि शिक्षकही शेवटचा आकडा बघून बरोबरची खूण करतात. सहावीत समीकरण आलं की ही सवय नडते, कारण तिथे उजवीकडे उत्तर नसतं, दुसरी बाजू असते.

तराजूवर हे पाच मिनिटांत दिसतं. डाव्या पारड्यात ८ निळे आणि ४ पिवळे ठोकळे, उजवीकडे ५ निळे. पिवळे किती टाकायचे? आधी मुलाला टाकून बघू द्या, मग विचारा, 'बेरीज न करता सांगता येईल का?' निळे ३ कमी झाले, म्हणजे पिवळे ३ वाढवायला हवेत, म्हणून ७. हे सुचलं की मूल बीजगणित करायला लागलं. अक्षराची अजून गरजही पडलेली नाही. तिसरीतल्या मुलालाही हा खेळ जमतो. तेवढ्यापुरता झाकणावरचा दावा खरा आहे, पण तेवढ्यापुरताच.

अभ्यासक्रमाचा क्रमही याच्याशी जुळतो. बालभारतीच्या २०१५ च्या पाचवीच्या पुस्तकात शेवटचा धडाच 'बीजगणिताची पूर्वतयारी' आहे. वर्षाच्या शेवटी परीक्षेच्या धांदलीत तो घाईत उरकला जातो ही गोष्ट निराळी. सहावीत समीकरणे, सातवीत बैजिक राशी आणि वर्गविस्ताराची सूत्रं, आठवीत अवयव, आणि नववी-दहावीला भाग १ म्हणून ४० गुणांचा स्वतंत्र पेपर. सीबीएसईच्या सहावीच्या २०२४ च्या नव्या पुस्तकात तर बीजगणिताचा वेगळा धडाच नाही. आकृतिबंध आहेत, अक्षरं सातवीत येतात. म्हणजे पाचवीतल्या मुलाला सूत्रं येत नाहीत म्हणून कोणी हातपाय गाळायचं कारण नाही. 'पाचवीपासून फाउंडेशन' म्हणून सूत्रं पाठ करून घेणाऱ्या क्लासची फी देण्यापेक्षा ही पेटी स्वस्त पडते.

आता पेटीतला मोठा दोष, आणि तो पिशव्यांत आहे. पुस्तिकेतलं पहिलंच उदाहरण २क्ष + ३ = ११. दोन पिशव्यांत प्रत्येकी ४ ठोकळे लपवायचे, त्या डाव्या पारड्यात ठेवायच्या, सोबत ३ सुटे ठोकळे, आणि उजवीकडे ११. कागदावर झकास. प्रत्यक्षात डावं पारडं खाली जातं. रिकामी पिशवी साधारण ३ ग्रॅमची, दोन मिळून ६, म्हणजे एका ठोकळ्यापेक्षा जास्त. मूल उजवीकडे बारावा ठोकळा टाकतं, दांडी जवळपास सरळ होते, मग ते बारातून तीन काढतं, उरलेल्या नवाचे दोन भाग करतं आणि म्हणतं, 'पिशवीत साडेचार.' पिशवी उघडली की चार! त्याची रीत एकदम बरोबर, तरी उत्तर चुकलं. यापेक्षा वाईट पहिला अनुभव कोणता?

उपाय कुठल्याही किराणा दुकानदाराला ठाऊक आहे: पासंग. डावीकडे जितक्या भरलेल्या पिशव्या, तितक्याच रिकाम्या पिशव्या उजवीकडे ठेवायच्या. दोन्हीकडून ३-३ ठोकळे काढले की उरतात इकडे दोन भरलेल्या पिशव्या, तिकडे ८ ठोकळे आणि दोन रिकाम्या पिशव्या. दोन्हीकडचं निम्मं उचला, पासंगातली एक पिशवीही. बरोबर ४ येतात. सहा पिशव्यांतल्या निम्म्या पासंगात जातात, त्यामुळे ३क्षच्या पुढे गाडी जात नाही. पाचवी-सहावीला तेवढं पुरतं.

दर वेळी 'काय केलंस?' हे मुलाने बोलायचं आणि वहीत एक ओळ लिहायची: 'दोन्ही बाजूंतून ३ वजा केले.' ही ओळ गाळून 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा मंत्र लवकर दिला, तर सातवीत २क्ष = ८ वरून क्ष = ८ − २ = ६ असं उत्तर मिळतं. मंत्र पाळलाय की त्याने! तराजूवर हात बसलेलं मूल सहसा इथे अडखळत नाही, कारण दोन सारख्या पिशव्यांतून 'दोन वजा' करण्यासारखं तिथे काही दिसतच नाही.

तराजूची हद्द मात्र ओळखायला हवी. २क्ष − ३ = ११ त्याच्यावर मांडता येत नाही; उणे तीन ठोकळे ठेवणार कुठे? इथून पुढे टाइल्स. मोठा चौरस म्हणजे क्षचा वर्ग, लांब पट्टी म्हणजे क्ष, लहान चौरस म्हणजे १, पुढची निळी बाजू म्हणजे धन आणि मागची लाल म्हणजे ऋण. सारख्याच आकाराच्या एक निळी आणि एक लाल समोरासमोर आल्या की शून्यजोडी, दोन्ही उचलायच्या. यासाठी पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आधी झालेली हवी, म्हणून सातवी. (क + ख)² = क² + ख² ही सनातन चूकही टाइल्सवर लगेच उघडी पडते: दोन चौरस कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले की मधल्या दोन जागा रिकाम्या दिसतात, त्याच २कख. दहावीला पूर्ण वर्ग पद्धतीतही क्ष² + ६क्ष साठी एक मोठा चौरस घेऊन दोन बाजूंना ३-३ पट्ट्या लावल्या की कोपऱ्यात ९ लहान चौरसांची जागा उरते.

टाइल्स घेताना मापं बघाच. काही संचांत लहान चौरस २ सेंमीचा आणि पट्टी बरोबर १० सेंमीची असते. मूल शेजारी पाच चौरस लावून बघतं आणि 'क्ष म्हणजे पाच' म्हणून मोकळं होतं. पट्टी चौरसांनी पूर्ण मोजता येता कामा नये. ८.७ सेंमी असली की चार चौरसांनंतर थोडी उरते आणि वाद मिटतो. (भास्कराचार्यांनी ११५० मध्ये अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावं दिली होती. निळी पट्टी हातात असताना हे सांगायला मजा येते.)

पुस्तिकेबद्दल थोडक्यात. सगळीकडे इंग्रजी एक्स, तोही गुणिलेच्या चिन्हासारखाच छापलेला. सुरुवातीला क्ष किंवा म घ्या. दुसरी चूक जास्त घातक: '३द म्हणजे ३ द्राक्षपेट्या'. तसं नाही. द हा एका पेटीचा दर, ३द ही तीन पेट्यांची किंमत. अक्षर वस्तूचं लघुरूप नाही, ते संख्येच्या जागी बसलेलं असतं. तासगाव भागात ४ किलोच्या पेटीवर दर ठरतो, आणि तो रोज बदलतो. चल म्हणजे काय हे तिथल्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.

पेटी घ्यायचीच असेल तर दुकानातच उघडायला लावा. रिकामा तराजू सरळ राहतो का, पारड्यांची अदलाबदल केल्यावरही राहतो का, आणि एकच ठोकळा टाकल्यावर दांडी स्पष्ट कलते का, हे बघा. यात नापास झाला तर सोडून द्या. टाइल्स घरीच होतात: दोन रंगांच्या फोम शीट पाठीला पाठ चिकटवून २ × २ सेंमीचे २० तुकडे, २ × ८.७ सेंमीच्या १० पट्ट्या आणि ८.७ सेंमीचे ४ चौरस कापा. आधी चिकटवा, मग कापा. उलट केलं की कडा जुळत नाहीत आणि लाल बाजू खालून डोकावते.